बेडफर्ड फॉल्स, व्हाया घाटकोपर

फ्रँक काप्राचा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ अमेरिकेत दर नाताळात घरोघरी पाहिला जातो. तो नीट कळायचा असेल तर डिसेंबरात घाटकोपरमधून पायी एक फेरी मारावी, असं माझं मत आहे. १९४६ चा हा कृष्णधवल सिनेमा बेडफर्ड फॉल्स नावाच्या काल्पनिक गावात घडतो. जॉर्ज बेली हा तरुण जग पाहायला निघण्याच्या तयारीत असतो, पण वडील जातात आणि त्यांची छोटी ‘बिल्डिंग अँड लोन’ संस्था त्याच्या गळ्यात पडते. आपल्या भाषेत सांगायचं तर घरासाठी कर्ज देणारी पतपेढी. गावातला पॉटर नावाचा धनिक खुराड्यांसारख्या खोल्या भाड्याने देऊन गब्बर झालेला आहे, आणि जॉर्जच्या पतपेढीमुळे त्याचे भाडेकरू एकेक करून स्वतःच्या घरात जायला लागतात. नाताळच्या आदल्या दिवशी पतपेढीचे ८,००० डॉलर गहाळ होतात, जॉर्ज जीव द्यायला पुलावर जातो आणि एक देवदूत त्याला दाखवतो की तू जन्मालाच आला नसतास तर गावाची काय कळा झाली असती. या सिनेमाच्या टिकून राहण्याचं श्रेय बहुतेक जण देवदूताला, बर्फाला आणि शेवटच्या प्रसंगातल्या अश्रूंना देतात. मला ते पटत नाही. हा सिनेमा टिकला तो घराच्या प्रश्नामुळे, म्हणजे भाड्याची खोली, कर्जाचा हप्ता आणि शेजाऱ्यावर टाकलेला पैशाचा विश्वास यांमुळे. सणाने त्याला फक्त तारीख दिली.

घाटकोपरला अंधेरीकडून मेट्रोने यावं. वर्सोवा ते घाटकोपर ही मुंबईची पहिली मेट्रो, ११.४ किलोमीटरची, जून २०१४ मध्ये सुरू झाली. साकीनाका सुटलं की असल्फ्याची टेकडी खिडकीत येते. उतारावर एकाच्या खांद्यावर दुसरं चढलेलं घर, पत्र्यांवर निळी ताडपत्री आणि मधूनमधून पिवळ्या, गुलाबी, आकाशी भिंती. हे रंग डिसेंबर २०१७ चे. स्वयंसेवकांनी वस्तीच्या भिंती रंगवल्या आणि तेव्हापासून मेट्रोतून फोटो काढणारे तिला इटलीतल्या समुद्रकाठच्या गावाची उपमा देऊ लागले. उपमा डब्यातून दिसतं तेवढ्यापुरती खरी आहे. याच घाटकोपरच्या आझाद नगरात जुलै २००० मध्ये दरड कोसळली आणि साठाहून अधिक माणसं गेली. डोंगराच्या उतारावर कोणी हौसेने राहत नाही. सपाटीवरचं भाडं झेपत नाही म्हणून माणूस वर चढतो. काप्राच्या सिनेमात एक टॅक्सीवाला आहे. बँकेने त्याला कर्ज नाकारलेलं असतं, पतपेढी त्याला ५,००० डॉलरचं घर बांधून देते आणि पॉटर भर बैठकीत त्यावरून टोमणे मारतो. जॉर्जचं उत्तर साधं आहे: मी त्या माणसाला ओळखतो, त्याची कागदपत्रंही तुमच्यासमोर आहेत. असल्फ्याच्या रिक्षावाल्याकडे पगाराची पावती नसते, म्हणून बँकेच्या टेबलावर त्याचा अर्ज पुढे सरकत नाही. टॅक्सीवाल्याच्या कर्जावरून झालेला तो वाद इथल्या माणसाला उपशीर्षकांशिवायही समजेल.

मेट्रोतून उतरून पश्चिमेला लालबहादूर शास्त्री मार्गावर आलं की आर सिटी मॉल लागतो. डिसेंबरात तिथे उंच नाताळवृक्ष, कापसाचा बर्फ, लाल टोपीवाला म्हातारा आणि त्याच्याबरोबर फोटो काढायला पोरांची रांग हे सगळं असतं. इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो चुकीचा नाही: बर्फ आपला नाही, सण आपला नाही, मग त्या सणाचा सिनेमा आपल्याला काय सांगणार? सणाचं आधी पाहू. घाटकोपरहून मुंबईच्या दिशेने विद्याविहार सोडलं की कुर्ला. तिथलं होली क्रॉस चर्च पोर्तुगीज काळापासूनचं आहे. कुर्ला, मरोळ, कोळेकल्याण या गावठाणांतले ईस्ट इंडियन ख्रिस्ती या भूमीचे मूळ रहिवासी आहेत, घरात मराठीचीच एक बोली बोलतात आणि नाताळात फुगे नि नेवऱ्या तळतात. म्हणजे नाताळ इथे मॉलच्या कितीतरी आधी आला. आता बर्फ. तो सिनेमातही खोटाच होता. चित्रीकरण १९४६ च्या एप्रिल ते जुलैमध्ये, कॅलिफोर्नियातल्या उन्हाळ्यात, मोकळ्या मैदानावर उभारलेल्या गावात झालं. त्याआधी हॉलिवूड बर्फासाठी पांढरे रंगवलेले कॉर्नफ्लेक्स वापरत असे, पण पायाखाली ते इतके कुरकुरत की संवाद नंतर पुन्हा ध्वनिमुद्रित करावे लागत. काप्राच्या लोकांनी आग विझवायच्या फेसात साबण नि पाणी मिसळून आवाज न करणारा बर्फ तयार केला. त्या वर्षी ऑस्करची पाच नामांकनं मिळूनही सिनेमाला त्यांतलं एकही पारितोषिक मिळालं नाही. पदरात पडलं ते फक्त या बर्फासाठीचं तांत्रिक पारितोषिक. तेव्हा मॉलमधल्या कापसाला हसताना जरा जपून.

नाताळशी या सिनेमाचं नातं मुळातच योगायोगाचं आहे. फिलिप व्हॅन डोरेन स्टर्न या लेखकाने एक छोटी गोष्ट लिहिली, ती कोणी छापेना, म्हणून १९४३ च्या नाताळात त्याने तिच्या २०० प्रती छापून मित्रांना भेटकार्ड म्हणून धाडल्या. तिच्यावरून सिनेमा झाला. तो यायचा होता जानेवारी १९४७ मध्ये, पण वितरक कंपनीचा दुसरा सिनेमा वेळेत तयार झाला नाही म्हणून २० डिसेंबर १९४६ ला घाईने लावला. पैसे बुडाले. पुढे १९७४ मध्ये स्वामित्वहक्काचं नूतनीकरण करायचं राहून गेलं, आणि अमेरिकेतल्या दूरचित्रवाणी केंद्रांना फुकटात दाखवता येईल असा एक सिनेमा सापडला. डिसेंबर आला की लावा. दुसरा आक्षेप इथूनच निघतो: हे सगळं फुकटेपणाचं फळ आहे, रोज कानावर पडणारं गाणं आवडायला लागतं तसं. यात निम्मं तथ्य आहे. हक्क सुटले नसते तर आज मी हा सिनेमा घेऊन घाटकोपरला आलो नसतो. पण नूतनीकरण विसरल्यामुळे हक्क सुटलेले अमेरिकन सिनेमे शेकड्यांनी आहेत, आणि त्यांतले बहुतेक फुकट असूनही कोणी पाहत नाही. फुकट मिळालेली वस्तू माणूस एकदा घेतो. दरवर्षी घरच्यांना जवळ बसवून पुन्हा घ्यायची तर तिच्यात काहीतरी असावं लागतं. आणि ते काय, हे १९४७ मध्येच एका भलत्याच प्रेक्षकाने हेरलं होतं. एफबीआयच्या एका टिपणात या सिनेमावर ठपका ठेवलेला आहे की यात बँकवाल्याला मुद्दाम खलनायक केलंय आणि ही कम्युनिस्टांची चाल आहे. चाल वगैरे नव्हती. काप्रा राजकारणाने कम्युनिस्टांपासून फार लांब होता. पण देवदूताला ओलांडून थेट कर्जाच्या वहीवर बोट ठेवणारा तो पहिला समीक्षक, असं म्हणायला हरकत नाही.

आता नाताळचेच दुसरे गाजलेले सिनेमे पाहा. ‘मिरॅकल ऑन थर्टीफोर्थ स्ट्रीट’ १९४७ चा. त्यात लहान मुलगी सांताक्लॉजकडे खेळणं मागत नाही, राहायला घर मागते आणि ते मिळाल्यावरच सिनेमा संपतो. महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांना तेव्हा अमेरिकेत राहायला जागा मिळत नव्हती, हे ध्यानात घेतलं की त्या मागणीचं नवल वाटत नाही. १९९० चा ‘होम अलोन’ तर आपल्या पोरांनाही तोंडपाठ. आठ वर्षांचा मुलगा चोरांपासून सबंध घर राखतो. गंमत म्हणजे त्या सिनेमात पॅरिसला पोचलेलं कुटुंब टीव्हीवर जे पाहत बसलेलं दिसतं तो काप्राचाच सिनेमा आहे, फ्रेंच भाषेत. म्हणजे ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’चं नावही न ऐकलेल्या घाटकोपरकर मुलांनी त्याचा तुकडा नकळत पाहिलेला आहे. आता आपल्याकडे या. मराठी घरात कुठूनही लावा, शेवटपर्यंत पाहिला जाणारा सिनेमा कोणता, याचं उत्तर बहुतेक जण ‘अशी ही बनवाबनवी’ असं देतील. १९८८ चा हा सिनेमा कशावर उभा आहे? घरमालकीण फक्त जोडप्यांना जागा देते म्हणून चार बिनलग्नाच्या पोरांनी मांडलेल्या सोंगावर. ज्या हिंदी सिनेमावरून तो घेतला त्या हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या सिनेमाचं नावच ‘बीवी और मकान’. एका चाळीत नव्या जोडप्याला एकांत मिळेना म्हणून ‘मुंबईचा जावई’ घडला, १९७० मध्ये. कोणी म्हणेल, घर कुठल्या कौटुंबिक सिनेमात नसतं? असतं, पण बहुतेकांत ते पलंग-पडद्यापुरतं, मागे उभं. या सिनेमांत घर मिळवायचं, राखायचं किंवा गमवायचं असतं. अपवादही आहेत. ‘अ ख्रिसमस स्टोरी’मध्ये सगळा जीव एका छऱ्याच्या बंदुकीत अडकलेला आहे आणि तोही अमेरिकेत दरवर्षी पाहतात. पण तो सिनेमा अमेरिकेबाहेर फारसा रुजला नाही, आणि मला वाटतं त्याचं कारण हेच असावं.

पूल ओलांडून पूर्वेला पंतनगरकडे गेलं की या मुद्द्याला पुरावे भिंतीवर चिकटवलेले सापडतात. गृहनिर्माण मंडळाच्या जुन्या बैठ्या इमारती आणि त्यांच्यामधून वर गेलेले नवे मनोरे. कुठल्याही जुन्या सोसायटीच्या जिन्याखालच्या फलकापाशी दोन मिनिटं थांबावं. काचेमागे मेंटेनन्स थकवणाऱ्यांची यादी, खोली क्रमांकासकट. शेजारी पाण्याच्या टाकीच्या सफाईची सूचना. आणि वर, लेटरहेडवर, कलम ७९ (अ) अन्वये पुनर्विकासासाठी विशेष सर्वसाधारण सभा. त्या कागदाखाली कोणीतरी पेनने चटईक्षेत्राचा हिशेब मांडून पाहिलेला असतो. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानंतर पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. आधी ७५ लागत. सहकारी घरबांधणीची ही रीत मुंबईत शतकाहून जुनी आहे. गावदेवीची सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ ची, आणि तिच्यामागचे रावबहादूर तालमकी हे या चळवळीचे जनक मानले जातात. जॉर्ज बेलीला ही माणसं आपलीच वाटली असती. सिनेमात मार्टिनी नावाचं इटालियन कुटुंब पॉटरच्या खोलीतून स्वतःच्या घरात जातं तो प्रसंग माझ्या मते सबंध सिनेमात सर्वात भरलेला आहे. जॉर्जच्या गाडीत पोरंटोरं कोंबलेली, आणि त्यांच्यातच एक बकरी. दारात जॉर्जची बायको घरधनिणीच्या हाती पाव आणि मीठ देते, जॉर्ज वाइन देतो. कलश ठेवून दूध उतू घालणाऱ्या माणसाला या विधीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. काप्रा स्वतः सिसिलीतून सहा वर्षांचा असताना अमेरिकेत आलेला. मार्टिनीच्या बकरीत त्याची स्वतःची माणसं असणार.

संध्याकाळी पश्चिमेच्या बाजारात पिग्मी एजंट फिरताना दिसतात. पतपेढीचा हा माणूस पिशवी खांद्याला लावून दुकानोदुकानी जातो. दुकानदार गिऱ्हाइकाशी बोलता बोलताच गल्ल्यातून शंभराची नोट काढून त्याच्याकडे सरकवतो, त्याच्या हातातलं छोटं यंत्र चिठ्ठी छापतं, दुकानदार ती न वाचताच खिळ्याला टोचतो. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात ते हेच, आणि सगळा व्यवहार त्या न वाचलेल्या चिठ्ठीवर चालतो. सिनेमात जॉर्जचं लग्न होऊन तो मधुचंद्राला निघालेला असताना बातमी येते की बँक बंद पडली. पतपेढीच्या दारात माणसं जमतात, पैसे परत मागतात. जॉर्ज त्यांना सांगतो की तुमचा पैसा इथे तिजोरीत नाहीच, तो तुमच्या शेजाऱ्याच्या घरात आहे. तिकडे पॉटर डॉलरमागे पन्नास सेंट देऊन हिस्से विकत घ्यायला टपलेला. शेवटी जॉर्ज मधुचंद्राचे २,००० डॉलर टेबलावर मांडतो आणि विचारतो, कोणाला किती लागतील? पहिला गडी सगळेच्या सगळे २४२ मागतो. मग एक बाई जरा विचार करून साडेसतरा डॉलर मागते. संध्याकाळी दार बंद होतं तेव्हा तिजोरीत दोन डॉलर उरलेले असतात. देवदूत अजून सिनेमात पुरता उतरलेलाही नसतो, आणि सिनेमाचा खरा चमत्कार होऊन गेलेला असतो: एका बाईने गरजेपुरतंच मागितलं.

यावर सर्वात वजनदार आक्षेप घाटकोपरजवळच तयार झालेला आहे. धीमी लोकल पकडली की विक्रोळी, कांजूरमार्ग आणि मग भांडुप. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेचं मुख्यालय भांडुपला होतं. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले आणि खातेदारांना कळलं की आता खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येतील. बँकेच्या कर्जांतला ७० टक्क्यांहून मोठा वाटा एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे होता, आणि तो लपवण्यासाठी हजारो बनावट खाती दाखवली होती, असं तपासात पुढे आलं. विमानतळाच्या जागेवरच्या झोपड्यांच्या पुनर्वसनाचं काम याच समूहाकडे होतं; त्यासाठीच्या इमारती कुर्ल्याच्या प्रीमियर कंपाउंडमध्ये उभ्या आहेत. जानेवारी २०२२ मध्ये बँक दुसरीत विलीन झाली आणि मोठ्या ठेवीदारांच्या उरलेल्या रकमा दहा वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्याने द्यायचं ठरलं. म्हणजे काप्राने समोरासमोर उभे केलेले बेली आणि पॉटर इथे एकाच वहीत बसले. मग हा सिनेमा भाबडा नव्हे काय? अमेरिकेचा अनुभवही असाच आहे. तिथे १९८६ ते १९९५ या काळात जॉर्जच्या पतपेढीच्या जातीच्या हजाराहून अधिक संस्था बुडाल्या, आणि नेमक्या त्याच वर्षांत हा सिनेमा घरोघरी रुजत होता. टीकाकार म्हणतील, जे उरलं नाही त्याचीच आठवण काढून रडणं.

मी उलट म्हणतो. सिनेमा भाबडा असता तर त्यात पतपेढी बुडायला आली नसती. काप्राला संस्थेचे दोष पक्के ठाऊक आहेत. पैसे हरवतात ते पतपेढीतच काम करणाऱ्या, जॉर्जच्या बिली काकाच्या गलथानपणामुळे. असा एक काका प्रत्येक संस्थेच्या कमिटीवर असतो आणि तो कोणाचा तरी नातेवाईक असल्यामुळे त्याला काढता येत नाही. ते पैसे पॉटरच्या हाती लागतात आणि तो गप्प बसतो. त्याला शिक्षा होत नाही. तेव्हाच्या हॉलिवूडच्या आचारसंहितेत गुन्हेगाराला शासन व्हायलाच हवं असा दंडक होता, तरीही पॉटर ८,००० डॉलर खिशात घालून सहीसलामत सुटतो, आणि आजवरच्या प्रेक्षकांना ते खुपत आलंय. ते खुपावं हेच बरं. शेवटी गाव येऊन टेबलावर पैसे ओततं तेव्हा प्रश्न सुटत नाही, फक्त त्या रात्रीचा खड्डा भरतो. गणपतीच्या वर्गणीपासून कोणाच्या इस्पितळाच्या बिलापर्यंत घाटकोपरमधले खड्डे असेच भरले जातात, आणि त्याने पालिका सुधारत नाही हे भरणाऱ्यांना ठाऊक असतं. भांडुपच्या बँकेचं प्रकरण सिनेमाला खोडून काढत नाही. पॉटर बाहेरून आला तर त्याला ओळखता येतं आणि आतूनच उगवला तर ते कठीण जातं, एवढंच ते दाखवतं. आणि तेही सिनेमात आहे, कारण पॉटर पतपेढीच्या संचालक मंडळाच्या बैठकीला बसतो आणि पुढे जॉर्जला वर्षाला २०,००० डॉलरची नोकरी देऊ करतो. जॉर्ज सिगार हातात घेतो, क्षणभर भुलतो.

पूर्व द्रुतगती महामार्गालगतचं रमाबाई आंबेडकर नगर या फेरीतलं शेवटचं ठिकाण. जुलै १९९७ मध्ये इथे पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मेली, आणि त्या घटनेमुळे हे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे. आता एमएमआरडीए आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण मिळून या वस्तीचा पुनर्विकास करत आहेत. अशा वस्तीत कुठेही कान द्या, बोलणं एकच असतं: परिशिष्ट दोनमध्ये, म्हणजे पात्रतेच्या यादीत, नाव आलं का, पात्र की अपात्र, भाड्याचा धनादेश आला का, आणि ३०० चौरस फुटांत मोरी कुठल्या बाजूला येणार. तीस वर्षं त्याच गल्लीत काढलेला माणूस यादीत नाव नाही म्हणून कागदोपत्री तिथे कधी राहिलाच नव्हता असा ठरतो. देवदूत जॉर्जला दाखवतो तो भयाण देखावा नेमका हाच आहे. तू नव्हतास. आई ओळखत नाही, घर पडकं, आणि त्याच्या पतपेढीने वसवलेल्या वसाहतीच्या जागी स्मशान. मग जॉर्ज पळत सुटतो ते घराकडे, जिन्याच्या कठड्याचा, एरवी त्याला चीड आणणारा सैल लाकडी गोळा पुन्हा एकदा हातात येईपर्यंत. आयुष्यभर प्रवासाची स्वप्नं पाहून एकदाही गाव न सोडलेल्या माणसाच्या सिनेमावर प्रवासवर्णन लिहिणं जरा विचित्र आहे, हे मान्य. पण तरुणपणी प्रवासासाठी भेट मिळालेली मोठी बॅग घेऊन तो कुठे गेला असता, तरी प्रश्न हाच पडला असता की परत यायला जागा कोणती.

तेव्हा येत्या नाताळात हा सिनेमा लावलात तर देवदूत येतो तिथून लावू नका. बरेच जण तसं करतात आणि मग तो गोड वाटतो. सुरुवातीपासून पाहा, पतपेढीच्या दारातल्या गर्दीचा प्रसंग चुकवू नका. आणि एक लक्षात असू द्या की २४ डिसेंबरला जॉर्जचा धीर सुटतो त्याचं कारण त्याच दिवशी हिशेब तपासायला सरकारी तपासनीस दारात आलेला असतो. सिनेमा संपला की आपल्या पतपेढीचा नि सोसायटीचा लेखापरीक्षण अहवाल मागून घ्या. सभासदाला तो मागण्याचा हक्क आहे, आणि वर्ग अ मिळालाय की क, हे त्यात लिहिलेलं असतं.